सोडियमला कोणी विचारलं होतं?

नववी-दहावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना मी गेली ११ वर्षं एक गोष्ट सांगत आलोय. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. आतल्या कवचात २, मधल्या कवचात ८ आणि सगळ्यात बाहेर एकटाच १. क्लोरीनकडे असतात १७. म्हणजे २, ८ आणि ७. बाहेरचं कवच भरायला त्याला एक कमी पडतो. मग मी फळ्यासमोर दोन्ही हात पसरून म्हणतो, "सोडियमला एक जास्तीचा झालाय, क्लोरीनला एक हवाय. सोडियम देऊन टाकतो, क्लोरीन घेतो. दोघंही खूश! तयार झालं मीठ." मुलं हसतात, वहीत इकडून तिकडे बाण काढतात. ही गोष्ट आजवर कधी फसलेली नाही.

मागच्या वर्षी एका मुलीनं हात वर केला. "सर, सोडियमला खरंच द्यायचा असतो का? की आपणच तसं म्हणतो?"

"परीक्षेत एवढं खोलात विचारत नाहीत," मी म्हटलं. वर्ग हसला. ती खाली बसली.

त्याच रात्री दादाचा फोन आला. गावच्या जागेचे कागद तयार झाले होते. ताईची सही तेवढी राहिली होती. तिच्याशी बोललास का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "बोलायचं काय त्यात? सोडेल रे ताई. तिचा स्वभावच देण्याचा आहे."

दादा वाईट माणूस नाही. हेच वाक्य त्याच्याआधी बाबांनी म्हटलंय, आईनं म्हटलंय, मीही म्हटलंय. पण त्या रात्री पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की वर्गात मी सोडियमबद्दल जे बोलतो तेच आम्ही घरात ताईबद्दल बोलत आलोय. म्हणून मी आधी सोडियमचं खरं काय ते बघायला बसलो.

खरं असं आहे. एकट्या सोडियमच्या अणूपासून तो बाहेरचा इलेक्ट्रॉन सुटा करायचा, तर ५.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा खर्च करावी लागते. इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे अणूंच्या बाजारातलं सुटं नाणं समजा. आपण काहीच खर्च केला नाही, तर सोडियम काहीही देऊन टाकत नाही. ११ प्रोटॉन आपल्या अकराच्या अकरा इलेक्ट्रॉनांना धरून बसलेले असतात. बाहेरच्या एकट्यालासुद्धा. तो दूर असल्यामुळे पकड सैल असते, पण पकड असतेच. उलट क्लोरीनला तो इलेक्ट्रॉन मिळाला की ३.६१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. आता वजाबाकी करा. ५.१४ खर्च, ३.६१ जमा. १.५३ चा तोटा. म्हणजे घेणाऱ्याला जेवढा लाभ झाला, त्यापेक्षा देणाऱ्याकडून काढून घ्यायला जास्त लागलं.

मग आपण सोडियमला उदार का म्हणतो? कारण इतरांशी तुलना केली तर त्याच्याकडून काढून घेणं सोपं आहे. आवर्तसारणीत त्याच्या अलीकडच्या घरात निऑन बसतो. त्याच्याकडून एक इलेक्ट्रॉन सोडवायचा तर २१.५६ इलेक्ट्रॉनव्होल्ट मोजावे लागतात. निऑनला कोणी उदार म्हणत नाही. ज्याच्याकडून काढून घेणं सोपं, त्यालाच आपण देणाऱ्या स्वभावाचं म्हणतो. सोपं आणि फुकट यांत फरक आहे, हे आपण विसरतो. किंवा विसरणं आपल्याला परवडतं.

आता ताईबद्दल.

आमचं गाव तोंडवली, मालवण तालुका. तळाशीलच्या बाजूला जमीन इतकी चिंचोळी होत जाते, की घरामागे खाडी आणि घरासमोर समुद्र. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला गड नदीची खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्ट्यावर माड आणि माणसं. पावसाळ्यात समुद्र किनारा खातो. तरी पर्यटक यायला लागल्यापासून जागेला भाव आलाय. आमचं घर आणि त्याभोवतीची साडेनऊ गुंठे माडाची बाग. बाबा मृत्युपत्र न करता गेले, आई त्यांच्याआधी गेली. मागे आम्ही तिघं. दादा, ताई आणि मी. दादाला तिथे होमस्टे बांधायचाय.

ताईला दहावीला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. हे मी कधी कोणाला सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. पुढे एकालाच शिकवता येईल एवढे पैसे घरात होते. तिला कोणी थांब म्हटलं नाही. म्हणावंच लागलं नाही. तीच म्हणाली, "तू शिक. माझा काय ता मी बघतंय." दुसऱ्या महिन्यात ती काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायला लागली. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं तर कातडी जळते. बायका बोटांना राख, तेल लावून बसतात, तरी काळे डाग आणि सोललेली बोटं राहतातच. माझी बारावीची फी, पुढे वसतिगृहाचे पैसे, त्यातले बरेचसे त्या बोटांतून आले. आज रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवताना ताईला तीन-तीनदा पुसून ठेवावा लागतो. रेषा नीट उठत नाहीत.

हा झाला तिच्या ५.१४ चा हिशेब. तो कुठल्याही कागदावर नाही.

तिच्या 'देण्याच्या स्वभावा'ला आमच्या घरात पुरावे बरेच होते. ओहोटीला खाडीत उतरून ती तिसऱ्या काढून आणायची आणि स्वतः रस्सा घेऊन तिसऱ्या आम्हाला वाढायची. ती उभी असायची त्या चिखलाबद्दल मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पावसाळ्यात नदीचं पाणी लाल येतं. त्यात मातीचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋणप्रभार असतो. सगळ्यांवर एकाच जातीचा प्रभार, म्हणून ते एकमेकांना ढकलत, तरंगत येतात. खाडीत खारं पाणी भेटलं की त्यातले धन आयन या कणांभोवती गर्दी करतात. ढकलाढकली मंदावते, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. खाडीतला गाळ बसतो त्यात या प्रभाराचा मोठा वाटा आहे. पुस्तकातली ही गोष्ट रोज ताईच्या पोटऱ्यांना लागून घरी येत होती आणि ती शिकत मात्र होतो मी.

मराठीत या प्रभारांना आपण धन आणि ऋण म्हणतो. हे शब्द आधी हिशेबाच्या वहीतले. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला, त्यात शून्याहून मोठ्या संख्यांना धन आणि लहान संख्यांना ऋण म्हणून त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. एक मालमत्ता, एक कर्ज. विजेच्या बाबतीत अधिक-उणे ठरवलं बेंजामिन फ्रँकलिननं, १७४७ च्या सुमारास. वीज हा एकच प्रवाही पदार्थ आहे, ज्यात तो जास्त ते अधिक आणि ज्यात कमी ते उणे, अशी त्याची कल्पना. पण काचेवर रेशीम घासलं की पदार्थ कुठून कुठे जातो, हे तेव्हा कोणालाच दिसत नव्हतं. त्यानं अंदाजानं काचेला अधिक म्हटलं. पुढे दीडशे वर्षांनी, १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसननं इलेक्ट्रॉन शोधला आणि कळलं, की खरोखर जे जातं-येतं ते उणे आहे. अंदाज उलटा पडला होता. पण तोवर सगळं जग त्याच चिन्हांनी लिहीत होतं. ती बदलली नाहीत.

त्या चुकीमुळे मराठीत एक गंमत घडून गेली. ज्यानं इलेक्ट्रॉन गमावला, तो सोडियम धन. ज्यानं मिळवला, तो क्लोरीन ऋण. वर्गात मुलं दर वर्षी इथे अडखळतात. "सर, मिळाल्यावर उणे कसं?" मी म्हणायचो, इलेक्ट्रॉन उणे असतो म्हणून, पाठ करा. आता मला वाटतं, आपल्या जुन्या सावकारी भाषेत याचं सरळ उत्तर आहे. ज्यानं दिलं तो धनको. ज्यानं घेतलं तो ऋणको. फ्रँकलिनचा अंदाज बरोबर आला असता, तर देणारा ऋणी ठरला असता आणि घेणारा धनवान. घरोघरी आपण बहुतेक वेळा तसंच धरून चालतो, ही गोष्ट वेगळी.

दादानं मला कागदाचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. हक्कसोडपत्र. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात जमीन आहे त्यांनी हा शब्द ऐकला असेल. नसेल ऐकला, तर आईला किंवा आत्याला विचारा. बहुधा त्यांनी यावर सही केलेली असेल. त्यात लिहिलेलं असतं, की मी माझा अमुक मिळकतीतला हिस्सा भावांच्या लाभात, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीनं सोडत आहे. बदल्यात साडीचोळी होते, जेवण होतं आणि माहेरची वाट उघडी राहते. 'राजीखुशीनं' वाचलं आणि मला माझंच वाक्य आठवलं. दोघंही खूश! तयार झालं मीठ.

कायदा काय म्हणतो ते साधं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली, ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच, जन्मापासूनचा हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर वाद चालला होता. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तशी गरज नाही. म्हणजे हक्क आहे, आणि तो ताईला कोणी द्यायचा नाहीये. तो तिचाच आहे. म्हणूनच तर तो सोडवून घ्यायला कागद लागतो.

मला अडकवलं ते 'सोड' या शब्दानं. सोडलं म्हणजे काय झालं? हातातून फुगा सोडला की तो आकाशात जातो, तसं वाटतं. ताईनं सोडलं, विषय संपला. पण प्रभाराचा एक नियम आहे, प्रभाराच्या अक्षय्यतेचा. प्रभार निर्माण होत नाही, नष्ट होत नाही. एकीकडे एक उणे झाला, की दुसरीकडे बरोबर तेवढाच अधिक उरतो. आजवरच्या एकाही प्रयोगात हा नियम मोडलेला दिसलेला नाही. ताईचा एक तृतीयांश हिस्सा सोडल्यानं हवेत विरत नाही. तो अर्धा दादाकडे येतो आणि अर्धा माझ्याकडे. 'ताईनं सोडलं' या वाक्याचा दुसरा अर्धा भाग 'मी घेतलं' असा आहे. आपण वाक्य मध्येच थांबवतो.

"घरात कोणी हिशेब करतं का?" असं दादा म्हणतो. बरोबर आहे, करत नाही. कारण घर बाहेरून उदासीन दिसतं. विज्ञानात ज्याच्यावर निव्वळ प्रभार नाही त्याला उदासीन म्हणतात. पण उदासीन म्हणजे आत काहीच नाही असं नव्हे. आत प्रचंड अधिक आणि प्रचंड उणे एकमेकांना तोलून धरत असतात. रिचर्ड फाइनमननं आपल्या व्याख्यानांत हिशेब मांडला होता. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या शरीरांत प्रोटॉनांपेक्षा फक्त १ टक्का इलेक्ट्रॉन जास्त असते, तर त्यांच्यातलं प्रतिकर्षण अख्ख्या पृथ्वीएवढं वजन उचलू शकलं असतं. आपण शेजारी शेजारी शांत बसू शकतो, कारण तोल जवळजवळ अचूक आहे. घरातली शांतताही अशी कोणीतरी तोलून धरलेली असते. ज्यानं तोलून धरलंय त्याला हिशेब विचारायची सवय नसते, म्हणून हिशेब नाहीच असं इतरांना वाटतं.

आयन हा शब्द मायकेल फॅरडेनं १८३४ मध्ये विल्यम ह्यूएल या विद्वानाच्या मदतीनं रूढ केला. मूळ ग्रीक. अर्थ आहे 'जाणारा'. द्रावणात वीज सोडली की एका टोकाकडे किंवा दुसऱ्या टोकाकडे जाणारा तो आयन. कोकणात आपल्याकडे या अर्थाचा शब्द आधीपासून आहे. चाकरमानी. मीही गेलो, आधी मुंबई, मग ठाणे.

मीठ पाण्यात पडलं की काय होतं बघा. स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाला लागून ६ क्लोराइड असतात, प्रत्येक क्लोराइडला लागून ६ सोडियम. मघाशी जो १.५३ चा तोटा निघाला, तो इथे भरून येतो. देणारा आणि घेणारा जवळ आले की त्यांच्यातली ओढ एवढी ऊर्जा मोकळी करते, की सगळा व्यवहार फायद्यात जातो. तोटा उरतो तो, घेऊन दूर निघून गेल्यावर. मग पाणी येतं. पाण्याचे रेणू एकेका आयनाला वेढून घेतात, सांभाळतात, आणि दोन आयनांमधली ओढ सुमारे ८० पट कमी होते. शहर असंच असतं. मेस, मित्र, लोकल, ऑफिस, हप्ते. सगळ्या बाजूंनी वेढून घेतं आणि गावाची ओढ कमी होते. रोजचा फोन आठवड्यावर, आठवड्याचा महिन्यावर.

पण ८० पट कमी होते ती ओढ. प्रभार नाही. क्लोराइडवरचा ऋणप्रभार स्फटिकात जेवढा होता, तेवढाच पाण्यात राहतो, एका इलेक्ट्रॉनाएवढा. अंतरानं कर्ज कमी होत नाही. फक्त त्याची जाणीव कमी होते.

आणखी एक. वीज सोडल्यावर मीठ फुटून आयन होतात, असंच पूर्वी मानत. १८८४ मध्ये स्वांते अर्‍हेनियस नावाच्या तरुण स्वीडिश विद्यार्थ्यानं प्रबंधात वेगळी दिशा दाखवली. आयन वीज येण्याआधीच, पाण्यात पडताक्षणी सुटे झालेले असतात, हे त्यातूनच पुढे आलं. परीक्षकांना प्रबंध फारसा पटला नाही, गुण कमी मिळाले. पुढे १९०३ मध्ये याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. मला हे पटायला वेळ लागला नाही. दादाच्या कागदानं आम्हा भावंडांना वेगळं केलं नाही. आम्ही फार आधीच सुटे झालो होतो. कागदानं फक्त कोण कोणत्या टोकाकडे जातो ते दाखवलं.

एका मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढं काय घेऊन बसलास? ज्याचं घेतलं त्यालाच परत द्यायला हवं असं थोडंच आहे? गावातल्या एखाद्या मुलीची फी भर. बेरीज तीच." दादाचंही असंच होतं. "तिच्या पोरीच्या लग्नात करू की आपण भरपूर."

मित्राचा मुद्दा हलका नाही. रसायनशास्त्र तर त्याच्याच बाजूनं आहे. १ किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड आणि ११ ग्रॅम सोडियम. तळाशीलच्या किनाऱ्यावर उभं राहून वाटतं, या सगळ्या सोडियमनं या सगळ्या क्लोरीनला कधीतरी इलेक्ट्रॉन दिला असेल. तसं झालेलं नाही. समुद्रातला सोडियम मुख्यतः खडकांतून झिजून, नद्यांबरोबर आला आणि खडकात होता तेव्हाच तो धन आयन होता. क्लोराइडचा मोठा भाग पृथ्वीच्या पोटातून, ज्वालामुखींच्या वायूंतून आला, तोही ऋण होऊनच. या दोघांत कधी देणंघेणं झालंच नाही. तरी समुद्राची बेरीज शून्य येते. शिरोड्याच्या मिठागरात, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, ऊन पाणी पिऊन टाकायचं आणि खाली मीठ उरायचं. त्या मिठात शेजारी बसलेले धनको-ऋणको एकमेकांचे नव्हतेच. कोणाचं कोणाला फिटलं तरी चालतं.

मग माणसांत का चालू नये? मी बरेच दिवस यावर घुटमळलो, कारण मला ते चालायला हवं होतं. उत्तर शेवटी इलेक्ट्रॉनातच सापडलं. विश्वातले सगळे इलेक्ट्रॉन तंतोतंत सारखे आहेत. एकावर खूण करता येत नाही, एकाला दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. म्हणून कोणता कोणाकडून आला हा प्रश्नच तिथे उभा राहत नाही. ताईची दहावीनंतरची नऊ वर्षं मात्र तिचीच होती. ती दुसऱ्या कोणाच्या वर्षांशी बदलता येत नाहीत. गावातल्या मुलीची फी जरूर भरावी. पण ती भरून ताईचं फिटत नाही. त्यानं मला बरं वाटतं, आणि बरं वाटणं हीसुद्धा मीच घेतलेली आणखी एक गोष्ट.

म्हणजे अणूंची गोष्ट एका जागी येऊन संपते आणि माणसांचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. सोडियम उदार नाही आणि त्याच्यावर अन्यायही झालेला नाही. त्याला मन नाही. त्याच्या तोंडावर हसू चिकटवलं ते आम्ही मास्तरांनी, मुलांना पटकन कळावं म्हणून. निर्जीव अणूवर हसू चिकटवलं तर बिघडत नाही. मी ते जिवंत माणसावर चिकटवलं होतं आणि माझ्यासाठीही ते तितकंच सोयीचं होतं.

एक शंका तरी उरतेच. समजा ताईला खरंच द्यायचं असेल तर? तिच्या देण्याला मी 'दबाव' म्हणणं, हासुद्धा तिच्या वतीनं मीच बोलण्याचा प्रकार झाला. शिकलेला भाऊ म्हणतो, की तुला काय हवंय ते तुला कळत नाही. हे दादाच्या 'सोडेल रे' पेक्षा फार वेगळं नाही.

म्हणून दिवाळीआधी मी गावी गेलो. ताईचं सासर खाडीपलीकडे आहे. ती पडवीत बसून सोलं वाळायला घालत होती. मी कागद पिशवीतून काढायच्या आधीच म्हणाली, "दादान फोन केल्यान. खंय सही करूची ता दाखव."

मी म्हटलं, "ताई, तुझा तिसरा हिस्सा आहे त्यात. आत्ताच्या भावानं किती होतात माहितीये?"

"ठावूक आसा." ती हात न थांबवता म्हणाली. "माका घेवन काय करूचा आसा? माहेर ऱ्हवांदे, बस."

"हिस्सा घेतला तर माहेर तुटेल असं कोण म्हणालं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. कोणी म्हणालं नव्हतं. दहावीनंतरही कोणी म्हणालं नव्हतं.

मी तिला सांगितलं, की मी सही मागायला आलेलो नाही. आधी वारस नोंद करायची, तिघांचीही नावं सातबारावर लावायची. त्यानंतर तिला सोडायचं असेल तर सोडू दे, ठेवायचं असेल तर ठेवू दे, विकायचं असेल तर विकू दे. होमस्टे बांधायचा तर तिघांच्या नावावर, नाहीतर तिचं मोल तिला देऊन. दादा चिडेल. चिडू दे. नऊ वर्षांची फी मी परत करू शकत नाही हे मला माहीत आहे. आणि हे करून मी फार काही देतोय असंही नाही. जे तिचंच आहे त्यावरून फक्त हात काढून घेतोय.

बराच वेळ ती काही बोलली नाही. सोलं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "नाव लागांदे. मगे सोडूचा काय नाय ता मी बघतलंय."

हेच वाक्य तिनं पूर्वीही म्हटलं होतं, मी बघतंय म्हणून. तेव्हा त्याचा अर्थ होता, माझी काळजी करू नकोस. या वेळी त्याचा अर्थ होता, हे मी ठरवणार. हातात काही असल्याशिवाय माणसाला देता येत नाही. ते फक्त त्याच्याकडून जातं. नाव लागल्यावर ताईनं सगळं दादाच्या नावावर केलं, तरी ते पहिल्यांदा तिचं देणं असेल.

निघताना तिनं पिशवीत सोलं भरून दिली, त्यावर सुक्या बांगड्याची पुडी. मी नको म्हणणार होतो. मग घेतली.

"आनी भाऊबीजेक येतलस तेव्हा," ती दारातून म्हणाली, "कागद-बिगद आणू नको."

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिलाय. दादा अजून नीट बोलत नाही. क्लासमध्ये या वर्षी मीठ शिकवताना मी फळ्यावर आधी ५.१४ लिहिलं आणि म्हटलं, सोडियम देत नाही, त्याच्याकडून घ्यावा लागतो. नव्या मुलांना गोष्ट थोडी कमी आवडली. जिनं प्रश्न विचारला होता ती आता अकरावीला गेलीये, माझ्या वर्गात नाही. तिचं उत्तर अजून माझ्याकडे बाकी आहे.